तीन सह्यांची शिफारस

"तूच लिहून आण बाई, मी सही करतो. आपल्याबद्दल आपल्याइतकं दुसऱ्याला काय माहीत असणार?"

राधेश्याम सरांचं हे वाक्य शिवकन्येच्या कानात बारा वर्षं मुक्कामाला होतं. आपलं उच्च शिक्षण ज्या मोजक्या तत्त्वांवर चालतं, त्यांतलं हे सर्वांत भक्कम तत्त्व आहे. विद्यार्थ्याची शिफारस गुरूनं करायची असते. गुरूला वेळ नसतो. विद्यार्थ्याला वेळच वेळ असतो (म्हणून तर तो आणखी शिकायला निघालेला असतो). तेव्हा विद्यार्थ्यानं आपली शिफारस आपणच लिहावी आणि गुरूनं खाली सही करावी, हे दोघांच्याही सोयीचं. यात फसवणूक कोणाचीच होत नाही, कारण पत्र ज्यांच्याकडे जातं त्यांनीही एकेकाळी आपली पत्रं अशीच लिहिलेली असतात.

शिवकन्या जालन्याच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवायची. वय चौतीस. हैदराबादच्या एका संस्थेत दोन वर्षं राहून याच विषयात संशोधनाचं एम. एस. करावं की करू नये, हा प्रश्न तिनं चार वर्षं जपून ठेवला होता. पस्तिशीनंतर अर्ज चालत नव्हता, त्यामुळे प्रश्न यंदा सुटणार होता किंवा यंदा कायमचा संपणार होता. नवरा अंगद पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याची हरकत काही नव्हती.

"जायचं तर बिलकुल जा," तो म्हणायचा. "पण हो का न्हाई ते एकदा ठरव. लोकाला रोज नवं उत्तर देऊन राह्यलोय मी. परवा एकाच गिऱ्हाइकाला सकाळी हो म्हनलो अन् दुपारी न्हाई."

"अर्ज तर भरू द्या. त्यांचं काय येतं ते बघून आपण ठरवू."

(आपला निर्णय दुसऱ्यावर टाकून त्याची वाट पाहत बसणं, याला आम्ही बायका श्रद्धा म्हणतो.)

अडचण एकच निघाली. चातुर्मास चालू होता. चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं. शिवकन्येचं वांगं सोडून झालं होतं, कांदा-लसूण सोडून झाला होता, सोमवारचं मीठ आणि शुक्रवारचं आंबट सोडून झालं होतं. यंदा नव्यानं सोडायला स्वयंपाकघरात काही उरलंच नाही, म्हणून तिनं खोटं बोलणं सोडलं. लिहिणंही त्यातच धरलं.

"अगं बाई," शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "उपासाला काय चालतं ते तरी ठरलेलं असतंय. ह्याला काय चालतं?"

पहिले दोन महिने काही जाणवलं नाही, कारण शिवकन्या मुळात फारसं बोलतच नसे. मग अर्जाची शेवटची तारीख जाहीर झाली. ती कार्तिकी एकादशीच्या वीस दिवस आधीची होती. अर्जाला शिफारसपत्रं हवी होती तीन.

नमुन्यासाठी तिनं कॉलेजातून आठ वर्षांत गेलेली पत्रं काढून पाहिली. एकूण दोनशे चौदा. त्यांतले दोनशे चौदा विद्यार्थी आपापल्या वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत होते. एकशे नव्वद जणांमध्ये नेतृत्वगुण होते (मागून चालायला चोवीसच उरतात). एकूणएक सगळ्यांना लहानपणापासून संगणकाची ओढ होती. त्यात ज्यांच्या गावात लहानपणी वीज नव्हती, तेही आले.

हे लिहावं तर व्रत मोडतं, न लिहावं तर अर्ज राहतो. तिनं गल्लीतल्या देवळात पोथी सांगणाऱ्या वसंता महाराजांना विचारलं, की सही दुसऱ्याची असली तर खोटं कोणाचं?

महाराजांनी डोळे मिटले, उघडले. "ताई, सही त्यांची असंल. हात तर तुमचाच हाये ना? व्रत हाताला बी लागू हाये."

झालं. मग शिवकन्येनं तिन्ही पत्रं खरी लिहिली.

राधेश्याम सरांच्या वतीनं तिनं लिहिलं: 'उमेदवार बाईंना मी ओळखत नाही. पत्रासाठी आल्या तेव्हा मी त्यांना संध्या म्हणालो. त्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यावरून स्वभाव शांत असावा. मी त्यांना एक विषय शिकवायला होतो. त्या सत्रात मी तपासणी समितीच्या स्वागताच्या तयारीत असल्यामुळे तो विषय त्यांनी मैत्रिणीच्या वहीवरून केला. बासष्ट गुण पडले. मैत्रिणीला अठ्ठावन्न.'

सरांनी कागद हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला. "एकच पान गं, संध्या? लोकं दोन-दोन पानं आणून राह्यलेत. बरं, कुठं करू? इथं? तारीख टाकू का?"

त्यांनी तारीखही टाकली.

दुसरं पत्र तिच्याच कॉलेजचे प्राचार्य अप्पाराव सर यांचं. 'या आठ वर्षांपासून आमच्याकडे शिकवतात. निकाल शंभर टक्के. शिकवतात त्यातलं निम्मं आपल्याला कळलेलं नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. उरलेलं निम्मं अभ्यासक्रमातून वगळण्यात आलं आहे.'

"गुणगान बराबर लिवलंय ना, मॅडम?" सरांनी शिक्का शाईत दाबत विचारलं. "हात आखडू नका. कॉलेजच्या इज्जतीचा सवाल हाये."

"आहे तेवढं लिहिलंय, सर."

"मंग झालं तर." शिक्का दोन ठिकाणी उमटला. दुसरा नेमका 'कळलेलं नाही' या शब्दांवर. पण वाचता येत होतं.

तिसरे भुजंग सर, प्रकल्पाचे मार्गदर्शक, आता निवृत्त. त्यांचं पत्र ऑनलाइन भरायचं होतं. सरांचा ईमेल पूर्वी शिवकन्येनंच काढून दिला होता, पासवर्डही तिलाच ठाऊक. बारा गुण दिले होते: कल्पकता, चिकाटी, संशोधनवृत्ती वगैरे; आणि प्रत्येकापुढे 'पहिल्या एक टक्क्यात'पासून 'सांगता येत नाही'पर्यंत पाच चौकोन. तिनं बाराच्या बारा ठिकाणी 'सांगता येत नाही'वर खूण केली आणि फोन लावला.

"सर, ओटीपी आला असेल."

"आलाय, आलाय. घे लिहून, चार... शून्य... अगं, कशाचा हाये पण?"

"तुम्ही माझी शिफारस केलीय, सर."

"हो का? वा वा! चांगलं केलं मी."

पुढे कार्तिकी झाली. शिवकन्येनं उद्यापन केलं, पाच सवाष्णी जेवू घातल्या. झुंबरबाईंनी आपल्या नव्या साडीचा पदर पुढे केला, आणि शिवकन्या चार महिन्यांत पहिल्यांदाच "छान आहे" म्हणाली. व्रत रीतसर संपलं.

महिनाभरात हैदराबादचं पत्र आलं. प्रवेश मंजूर. 'आपली तिन्ही शिफारसपत्रं समाधानकारक आढळली.' पंधरा दिवसांत होकार कळवावा.

शिवकन्या ते पत्र घेऊन बसली. दोनच शक्यता होत्या. एक, त्यांनी पत्रं वाचली होती, आणि खरं वाचून त्यांना समाधान वाटलं होतं. दुसरी, त्यांनी ती वाचलेली नव्हती. पहिल्या शक्यतेचा पूर्वीचा दाखला तिला आठवेना.

"आता तर त्यायनं हो म्हनलं," अंगद म्हणाला. "तुझं काय?"

"त्यांनी वाचलं की नाही, तेच कळत नाही."

"वाचून काय करायचं व्हतं त्यायला? तू तर लिवलंस ना?"

बारा दिवस असेच गेले. तेराव्या दिवशी, सोमवारी, आकांक्षा आली. तिसऱ्या वर्षाची मुलगी, केदारखेड्याहून रोज ये-जा करणारी. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर.

"मॅडम, एम. एस्सी.ला शिफारसपत्र लागतंय. तुम्हाला तरास नको म्हणून लिहूनच आणलंय. निस्ती सही."

पत्र सुंदर होतं. पहिल्या पाच टक्क्यांत, नेतृत्वगुण, आणि 'मी तिला व्यक्तिशः मार्गदर्शन केलं आहे'. शिवकन्येनं पेनाचं टोपण काढलं. व्रत संपलेलं होतं, आडकाठी कशाचीच नव्हती. मग तिनं एक चूक केली. ती पत्र वाचत बसली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "मी लिहिते."

आकांक्षा घाबरली. "काय चुकलं का मॅडम? शुक्रवार शेवटचा हाये."

"शुक्रवारच्या आत तुझ्या हातात देते. शब्द."

कोरा कागद पुढे घेतला. पहिल्या ओळीत नाव आलं. दुसरी ओळ येईना. तीन वर्षं ही मुलगी समोर बसत होती. शिवकन्येला तिचा हजेरी क्रमांक पाठ होता. खूप वेळानं एकच गोष्ट आठवली. गेल्या वर्षी आकांक्षानं वर्गात उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, मशीन सांगितल्याबिगर काहीच करत न्हाई, मंग हे 'रँडम' म्हणून मनाला येईल तो आकडा कुठून काढतं?" आणि शिवकन्या म्हणाली होती, "पाठ करून टाक, दोन मार्काला आहे."

दुसरी ओळ मिळाली. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हाही शिवकन्येपाशी नव्हतं, आणि आजही नव्हतं.

संध्याकाळी तिनं हैदराबादला कळवलं आणि अंगदला म्हणाली, "लोकांना हो सांगा."

"आजच्यापुरतं का कायमचं?"

"कायमचं."

पण दोन ओळींचं पत्र होत नाही. गुरुवारी कॉलेज सुटल्यावर शिवकन्या कोणाला न सांगता बसस्थानकावर गेली आणि भोकरदनच्या गाडीत बसली. उपास होता, म्हणजे कोणी जेवायला थांबवून वेळ घालवण्याची भीती नव्हती. पिशवीत कॉलेजचं कोरं लेटरहेड होतं. केदारखेड्याला उतरून कोणाचं घर विचारायचं हे तिला आडनावासकट माहीत होतं. त्यापुढचं काहीच माहीत नव्हतं.

गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत. वाचकांनी तेवढ्यात हसून घ्यावं. हसून झालं की, आजवर ज्यांच्या कागदावर 'मी यांना चांगला ओळखतो' याखाली सही ठोकली, त्यांपैकी कोणाही एकाबद्दल दुसरी ओळ आठवून पाहावी. (पहिली ओळ, म्हणजे नाव, कागदावर छापलेलंच असतं. ते धरलं जाणार नाही.)