काटा ठरू द्या

नानांचा उजवा हात कायम खिशात असायचा. धुळ्याच्या मे महिन्यातसुद्धा. नव्या मशीनच्या उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला, तेव्हा नानांनी डावा दिला. पाहुण्यांचा तो चेहरा फोटोत अजून आहे.

आमच्या रुग्णालयातल्या कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षात मी नोंदी ठेवायचो आणि नाना बाळं मोजायचे. वजनावर त्यांचा विश्वास नव्हता. "वजन म्हणजे नुसती बेरीज. त्यात चरबी किती, पाणी किती, हे कोण सांगणार?" ते सांगायला त्यांच्याकडे एक चिमटा होता. बाळाच्या दंडाची कातडी त्यात धरायची आणि तबकडीवरचा काटा स्थिरावला की जाडी वाचायची. "थांबा, काटा ठरू द्या," हे ते निवडणुकीच्या निकालालाही म्हणत.

नवं मशीन म्हणजे एक पेटी. बाळ आत ठेवलं, की हवेच्या हिशेबानं ती चरबी सांगे. मात्र खोलीचं दार उघडलं की तिचं गणित बिघडायचं, आणि आमचं दार मिनिटाला दोनदा उघडायचं. पेटी गळ्यातल्या हारासकट निवांत असे.

एकदा दोंडाईच्याच्या एका मुलीचं वजन दोन दिवसांत भराभर वाढलं. आजीनं पेढे वाटले, घरी न्यायला गाडी बोलावली. नानांनी चिमटा लावला. काटा थांबेचना, हळूहळू खाली सरकत राहिला.

"नाना, तुम्हना काटा कव्हय ठरी?" आजी करवादली. "पोर जाडी व्हयनी शे ना!"

"जाडी नही माय, सुजनी शे. दाबलं का पानी सरकस."

डॉक्टरांनी तपासलं. सूजच होती. गाडी रिकामी परत गेली. आजीनं नानांशी बोलणं टाकलं. उपचारानं वजन उतरू लागलं तशी पोरीची आई रडू लागली. नवव्या दिवशी काटा ठरला.

"आता न्या," नाना म्हणाले.

निघताना आजीनं पोर त्यांच्यापुढे धरली. नानांनी खिशातला चिमटा माझ्या हातात दिला आणि मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. चिमटा कोमट होता.

"एसीत तो गार पडतो," गाडी गेल्यावर नाना म्हणाले. "लेकरांना आधीच सुया टोचलेल्या. आपण तरी दचकवू नये."

परवा ते स्टँडवर भेटले. निवृत्त होऊन वर्ष झालं. चिमटा जमा केला, घरी एकटेच असतात. उजवा हात खिशातच होता.

"आता काय आहे त्यात?" मी विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले. हात मात्र त्यांनी बाहेर काढला नाही.