चेतनचं स्वित्झर्लंड आणि आप्पांचा सापुतारा

राघोआप्पांनी चेतनचा फोटो बोटांनी मोठा करून बघायचं ठरवलं, तिथेच सगळं बिघडलं. नुसता अंगठा दाखवून गप्प बसले असते, तर पुढचा घाट चढावा लागला नसता.

चेतन आणि योगिता हे गुजरातेतल्या उधन्यात आप्पांच्या वरच्या मजल्यावर राहणारं जोडपं. आप्पा सत्तरीचे, ती दोघं तिशीची. पण रोजच्या कॅरममुळे मैत्री घट्ट. नवी गाडी घेतली तेव्हा चेतनने शब्द दिला होता, "आप्पा, पहिली सफर सप्तशृंगी गडाची. तुम्ही पुढच्या सीटवर!" मग सराव म्हणून चलथाणपर्यंत चक्कर झाली. रस्ता अगदी सपाट, तरी आप्पांना गाडी लागली आणि (कसं सांगावं?) पुढची सीट धुवावी लागली. त्यानंतर गडाचं नाव निघालं नाही. एकदम बातमीच आली, की दोघं स्वित्झर्लंडला चालली.

आता हा फोटो. डोंगर होता, तळं होतं, वर रोपवे होता. आणि खाली एक गुजराती कुटुंब भेळ खात बसलं होतं.

"प्रमिला, हा फोटो बघ. परदेशात भेळ?"

"टूरवाला सैपाकी संगे लई जातस," आप्पांच्या पत्नी प्रमिलाबाई भाजी निवडत म्हणाल्या.

आप्पांना पटेना. डोंगर, तळं, रोपवे आणि भेळ हे सगळं त्यांनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, सापुताऱ्याला. आणि सापुताऱ्याचा रस्ता पुढे जातो कुठे? गडाकडे! म्हणजे आपल्याला टाळून दोघं गडावर निघालीत.

त्यांनी लगेच पत्राच्या थाटात लिहिलं, "चि. चेतन व सौ. योगिता यांस अनेक आशीर्वाद. येथील क्षेम. तिकडचा एखादा गोरा माणूस फोटोत घेऊन पाठवावा."

गोरा आला. त्याच्याही हातात भेळ होती. (गोरे काय, सापुताऱ्यालाही येतात.) योगिताचा रात्री आलेला मेसेज आप्पांनी सकाळी वाचला, "आप्पा, रात्रीचे नऊ वाजलेत आणि ऊन बघा!"

नऊ वाजता ऊन? माणसाने खोटं बोलावं, पण निदान घड्याळ बघून बोलावं! आप्पांना राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पोटच्या पोरांसारखी माया लावली, आणि त्यांनी एका उलटीपायी असं तोडावं?

"भेस्तानला भाच्याकडे जाऊन येतो," असं घरात सांगून आप्पांनी सापुताऱ्याची एसटी पकडली. घाटात जे व्हायचं ते झालं. उतरल्यावर ते हॉटेलामागून हॉटेलं पालथी घालू लागले. शेवटी एका मॅनेजरने विचारलं, "काका, तमे पोलीसमां छो?"

थकून तळ्याकाठी बसतात, तोच चेतनचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर नजर पोचेल तिथवर बर्फ! त्यात चेतनचं लालभडक नाक.

"आप्पा," योगिता ओरडली, "इथल्या घाटात मलाही गाडी लागली! एका गोळीने थांबलं. तुमच्यासाठी डबीच घेतलीय. आता गडावर जाऊ, पुढची सीट तुमचीच!"

आप्पांचे डोळे भरून आले. पोरं सोन्यासारखी होती; मनच आपलं काळं.

"तुम्ही कुठे आहात? केवढं ऊन आहे तिथे!"

"मी? हे... आपल्या गच्चीवर," म्हणत आप्पांनी घाईने कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

दोन मिनिटांत प्रमिलाबाईंचा फोन. "कोठे शेतस तुम्ही?"

"भेस्तानला."

"चेतनना फोन उना व्हता. म्हने आप्पा उन्हात गच्चीवर शेतस, खाले बलावा. मी गच्चीवरच उभी शे!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "प्रमिला, देवीशप्पथ, मी सापुताऱ्याला आहे."

"फोटो धाडा."

स्वतःचा फोटो काढणं आप्पांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी समोर दिसलं ते टिपून पाठवलं. डोंगर, तळं, रोपवे, आणि खाली भेळ खाणारं एक गुजराती कुटुंब.

लगेच प्रमिलाबाईंचा आवाज कडाडला, "माले येडी समजतस का? हाऊ ते चेतनना स्वित्झर्लंडना फोटो शे! खरं सांगा, कोठे शेतस?"