शेळीचे कान बघून कर्ज देणारे आबा

आमच्या ईट गावचे दगडूआबा शेळीचे कान बघून कर्ज देतात. तेही मोबाइलवर, कधी न पाहिलेल्या बायांना. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्यांचा जन्म गेला. आता पेन्शन जमा झाली की माझ्या मोबाइलच्या दुकानात हजर. "पोरी, ते ॲप उघड."

ॲपवर कर्ज मागणाऱ्या गरजू बायांचे शेळीसोबतचे फोटो असतात, खाली त्यांची कहाणी. मी कहाणी वाचायला लागले की आबा वैतागतात. "माणसाचं ऱ्हाऊ दे गं, शेळी मोठी करून दाव." मग चष्मा कपाळावर आणि फोन नाकाला. "कान बघ कसे लांब हायत! जुळी देतीय ही. टाक दोन हजार." एकीनं शेळीऐवजी शिलाई मशीनचा फोटो टाकला, तर म्हणाले, "हिला दात न्हायती, वय कसं कळायचं?" पण पैसे टाकलेच.

व्याज शून्य. मी एकदा चिडून विचारलं, "आबा, ओळख ना पाळख, कशापायी देता?"

"लई नफा हाय त्यात," म्हणाले आणि काडीनं दात कोरत बसले.

यंदा मेळघाटातल्या एका सुमनबाईचे हप्ते दोन महिने थांबले. "बुडाले तुमचे पैसे," मी म्हणाले. आबा उखडलेच. "पैशाला काय आग लावायचीय? शेळी आजारी आसंल!" दारात गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि मी सुमनबाईला निरोप लिहितेय: पोट फुगलं असेल तर गोडं तेल पाजा, कवळा पाला घालू नका. पुढं रोज सकाळी आबांचा एकच प्रश्न, "आलं का गं काय?" नाही म्हटलं की मान खाली घालून परत जायचे. खोटंच काहीतरी सांगून टाकावं, असं वाटायला लागलं मला.

नवव्या दिवशी उत्तर आलं. शेळी वाचली होती, दोन करडं झाली होती. थकलेले हप्तेही आले. खाली एक ओळ होती: 'आबा, गोठ्याच्या पत्र्याला आणखी हजार द्याल का?'

"बघा, लगेच दुसरी मागणी!" मी फणकारले.

आबांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग बाकावर टेकले आणि टोपीनं डोळे पुसले.

"घरात समदी चांगली हायत गं. पोरगा इचारतो, आबा काय पायजे का? सून इचारती, काय पायजे का? माझी कारभारीण गेली, तवापासून मला कुणी काय मागितलंच न्हाय."

मी ॲप उघडलं. हजार पाठवले. आबा उठून पायरी उतरायला लागले. माझा गल्ला सुट्ट्या पैशांनी भरलेला होता. तरी मी हाक मारली, "आबा, शंभराचे सुट्टे द्याल का हो?"

आबा झटकन वळले. हात केव्हाच खिशात गेला होता.

"किती पायजेत, पोरी?"