कपाटातला शब्दशोध

रोजचा शब्दशोध कसा सोडवायचा, हे जगात दोनच माणसांना नीट कळतं. एक मी. दुसरा कोण, ते अजून कळलेलं नाही.

तुम्हीही सोडवत असाल तो. रोज सकाळी मोबाइलवर येतो. अक्षरांचा चौकोन, वर एक विषय, आणि त्या विषयातले शब्द चौकोनात आडवे, उभे, तिरके, उलटे दडवलेले. नवशिके पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. अहो, ते काय वर्तमानपत्र आहे? माझी पहिली टीप अशी, की आधी चौकोनाकडे बघूच नका, विषयाकडे बघा. विषय 'स्वयंपाकघर' असेल तर मनातल्या मनात आपल्या ओट्यासमोर उभे राहा. कढई, झारा, चाळण, विळी हात जोडून समोर येतात. दुसरी टीप, अवघड अक्षर पकडा. 'ढ' किंवा 'ळ' दिसला की त्याच्या आजूबाजूला घुटमळत राहा, शब्द तिथेच कुठेतरी लपलेला असतो. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची टीप म्हणजे बसायला शांत जागा हवी. या तिसऱ्या टिपेनंच माझी वाट लावली.

आमच्या सासुरवाडीचा एक ग्रुप आहे. सासरेबुवा, मेहुणे, मेहुणी, बायको आणि मी. रोज जो शेवटचा शब्द आधी ग्रुपवर टाकेल त्याला एक गुण, आणि मग तो शब्द चौकोनात कुठे दडलाय याची त्यानं बाकीच्यांना हिंट द्यायची. सासरेबुवा पंच. त्या महिन्यात त्यांनी जाहीर केलं, "महिनाअखेरीला जो पुढे असेल त्याच्या घरी माझी आरामखुर्ची जाईल."

मी फर्निचरच्या दुकानात सेल्समन आहे, मला लाकूड कळतं. जुनं सागवान, रुंद हात, वेताची पाठ. लग्न झाल्यापासून ती खुर्ची मी बघतोय, पण तिच्यात बसलो एकदाही नाही. सासुरवाडीला गेलो की मला प्लास्टिकचं स्टूल मिळतं, कारण दुसरी बरी खुर्ची मेहुण्यांची. मेहुणे म्हणजे बायकोचे मोठे भाऊ. वकील आहेत. त्यांना शब्द आधी सापडला की ते ग्रुपवर लिहितात, "भाऊजी, तुम्ही कपाटं विका." माणसानं ऐकून घ्यायचं तरी किती? ती खुर्ची जिंकून मला मेहुण्यांसमोर पाय लांब करून बसायचं होतं. बाकी काही नको होतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा आम्ही दोघं बरोबरीत होतो.

आता शांत जागेचं सांगतो. कामाच्या वेळात कुणाच्या हातात मोबाइल दिसला की आमच्या मालकांच्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून शब्दशोधासाठी मी शोरूममधलं तीन दारांचं कपाट निवडलं होतं. मधल्या खणात फक्त हँगरची दांडी, खाली ऐसपैस जागा, मागे हवेला जाळी. दार ओढलं की आपोआप लॉक होतं आणि आतून उघडत नाही. गिऱ्हाइकांना मी हे मोठ्या कौतुकानं सांगायचो, "चोर आत शिरला तर सकाळपर्यंत आतच." स्वतः आत बसताना मात्र दाराच्या फटीत रुमाल कोंबून ठेवायचो. मी काही चोर नव्हतो.

त्या दिवशी विषय होता 'पाटीवरचे शब्द'. ढकला, ओढा, थांबा, सावकाश हे चहा गार व्हायच्या आत सापडले. एक उरला, तीन अक्षरी. तो काही केल्या दिसेना. मी कपाटात शिरलो, रुमाल कोंबला आणि स्क्रीनला नाक लावलं. तेवढ्यात बाहेर मालकांचा आवाज आला, "हाच पीस घ्या ताई. आजच पोचवतो."

"हे फडकं कसलं अडकलंय?" एक बाई म्हणाल्या.

रुमाल गेला. दार खटकन लागलं.

ओरडलो असतो तर मालकांनी दार उघडलं असतं, आणि आत मी, हँगरखाली उकिडवा, हातात मोबाइल. नोकरी तिथेच संपली असती. मला एकच मार्ग दिसला. मेहुणी दोन गल्ल्या सोडून राहते. तिनं गिऱ्हाईक बनून यावं, कपाट बघायचं म्हणून दार उघडावं आणि मालकांना बोलण्यात गुंतवावं. पण एवढं सगळं लिहायला बोटं थाऱ्यावर नव्हती. मी ग्रुपवर घाईघाईनं एकच शब्द टाकला. "वाचवा".

लगेच मेहुणीचं उत्तर आलं, "कमाल आहे भाऊजी! वीज वाचवा, पाणी वाचवा. पाटीवर असतंच की. आणि तीन अक्षरी."

मी थक्क झालो. मला माझं उत्तर दुसऱ्यांकडून कळत होतं.

"हरकत आहे," मेहुण्यांनी लिहिलं. "शब्द सुचणं वेगळं आणि सापडणं वेगळं. चौकोनात नेमका कुठे आहे ते सांगा, नाहीतर गुण नाही."

"मी कपाटात आहे," मी लिहिलं.

"कपाट?" मेहुणी विचारात पडली. "अच्छा, कपाटात 'पाट' आहे. म्हणजे पाटी. विषयाकडे परत बघा म्हणतायत."

"जावईबापूंची हिंट नेहमीसारखीच खोल आहे," सासरेबुवांनी शेरा मारला.

इकडे बाहेर कपाटाला पुठ्ठे गुंडाळले गेले, दोऱ्या आवळल्या गेल्या. एक हमाल कण्हला, "लई जड आहे हो."

"अस्सल लाकूड आहे, जड असणारच," मालक म्हणाले. कपाट प्लायवूडचं होतं, हे मालकांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण आवाजात इतका अभिमान होता की क्षणभर मलाही खरं वाटलं.

कपाट टेम्पोत आडवं टाकलं. त्याबरोबर मीही. आता मात्र मी नोकरीची पर्वा सोडून बोंब मारली, पण टेम्पोवाल्यानं गाणी अशी लावली होती की माझा आवाज मलाच ऐकू येईना. बायकोला फोन लावला. ती दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. तिनं फोन कापला आणि मेसेज टाकला, "पेशंटच्या तोंडात हात आहे. नंतर." मग स्वाभिमान गिळून मी मेहुण्यांना फोन लावला. त्यांनीही कापला. "फोनवर हिंट देणं नियमात बसत नाही. जे काय असेल ते ग्रुपवर."

"मी आडवा झालोय," मी ग्रुपवर लिहिलं.

थोड्या वेळानं मेहुण्यांनी लिहिलं, "आडव्या सगळ्या ओळी तपासल्या. नाही. भाऊजी, तुम्ही कपाटं विका."

मला रडू यायचं बाकी होतं. कपाट विकूनच तर मी इथवर पोचलो होतो.

टेम्पो थांबला आणि जिना सुरू झाला. जिना अरुंद असावा, कारण हमालांनी कपाट कलतं केलं आणि मी एका कोपऱ्यात घसरलो. बाहेर "ओढा", "ढकला", "थांबा जरा" असा गजर चालला होता. म्हणजे सकाळचा शब्दशोध हे लोक मला परत वाचून दाखवत होते. मी आतून ओरडलो, "सावकाश!"

"हो हो, सावकाशच घेतोय," वरचा हमाल म्हणाला. खालच्याला वाटलं वरचा बोलला, वरच्याला वाटलं खालचा.

"तिरका झालोय," मी टाइप केलं. मग जिन्याचं वळण आलं आणि सगळंच फिरलं. "डोकं खाली, पाय वर."

"सापडला!" मेहुणीनं लिहिलं. "खालच्या कोपऱ्यातून वर, तिरका. वा, च, वा!"

"हरकत आहे," मेहुणे हटेनात. "आधी आडवा, मग तिरका. साक्ष फिरवली आहे. आणि शब्द वरून खाली की खालून वर, ते अजून स्पष्ट नाही."

माझ्या कानात हँगर शिरला होता. मी वैतागून लिहिलं, "उलटा काय नि सुलटा काय, सारखंच आहे हो!"

मग सासरेबुवांचा निकाल आला. "हरकत फेटाळली. 'वाचवा' उलटं वाचा, सुलटं वाचा, वाचवाच. इतकी नेमकी हिंट मी आजवर पाहिली नाही. जावईबापू जिंकले. खुर्ची त्यांची."

मी जिंकलो होतो. डोक्यावर उभा राहून, प्लायवूडमध्ये, पण जिंकलो होतो. आनंदानं मूठ वर केली, ती कपाटाच्या तळाला लागली.

शेवटी कपाट सरळ उभं राहिलं, दोऱ्या-पुठ्ठे सुटले, हमाल चहाला गेले आणि दार उघडलं. समोर त्याच बाई. पुढे कळलं की त्या नर्स होत्या, म्हणून असेल, पण किंचाळल्या नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कपाटाबरोबर माणूसही येतो, हे दुकानात कुणी सांगितलं नाही."

सेल्समनच्या जिभेला हाड नसतं, हे त्या दिवशी माझ्या कामी आलं. "नमस्कार ताई. डेमो आहे, मोफत. बघा, अख्खा माणूस टेम्पोतून, जिन्यातून आला, बिजागरी हलली का?"

त्यांनी बिजागरी तपासली. मग माझं मनगट धरून नाडी तपासली. "नाडी जरा जलद आहे. बिजागरी ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या घरासाठी तस्संच दुसरं कपाट सांगितलं. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली आणि यापुढे प्रत्येक कपाटाबरोबर मला आतून पाठवायची योजना मांडली. ती मी अजून कशीबशी थोपवून धरली आहे.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही खरंच कपाटात होतात?"

"मग दिवसभर काय सांगत होतो?"

"तुमची हिंट कधी कुणाला कळलीये का?"

रविवारी मी दाराशी छाती काढून उभा राहिलो. टेम्पो आला. मेहुणे स्वतः बरोबर आले होते, आणि खुर्ची हरलेल्या माणसाच्या मानानं त्यांचा चेहरा फारच प्रसन्न होता. टेम्पोचा मागचा फाळका पडला. आत खुर्ची होती, आणि खुर्चीत सासरेबुवा होते. मांडीवर चष्म्याची डबी, पायाशी मोठी बॅग.

"तिच्याशिवाय मला झोप लागत नाही हो," ते म्हणाले. "खुर्ची इथे, म्हणजे मीही इथेच."

"अटींमध्ये लिहिलेलं नव्हतं, भाऊजी," मेहुणे म्हणाले. "पण गृहीत होतं."

खुर्ची आमच्या खिडकीपाशी लागली. सासरेबुवा तिच्यात पुन्हा विसावले, पाय लांब केले आणि मोबाइल उघडून त्या दिवसाचा शब्दशोध मोठ्यानं वाचायला लागले. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी टेम्पोकडे बोट दाखवलं.

"जावईबापू, तुमची सवय मोडायला नको, म्हणून तुमचं स्टूलही आणलंय."

त्यावर बसूनच हे लिहितोय.