शिट्टी म्हणजे शाबासकी

पाणीपुरवठा कार्यालयाचा रस्सीखेच संघ अकरा वर्षं ओळीने हरत होता. त्याला वळण लावायचं काम बाईंकडे आलं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या कवायतीच्या शिक्षिका. आठ कारकुनांवर ओरडून पहिल्याच दिवशी त्यांचा घसा बसला. तेव्हा त्यांच्या मुलीने एक पुस्तक आणून दिलं. चुकीवर ओरडू नका, बरोबर केलं की त्याच क्षणी दाद द्या, असं त्यात होतं.

आवाजच नव्हता, म्हणून बाई शिट्टीने दाद देऊ लागल्या. आठही जण टाचा रोवून एकदम मागे झुकले की शिट्टी. शिट्टी झाली की दोर सोडायचा आणि बिस्किट खायचं. तीन आठवड्यांत मंडळी शिट्टीसाठी जीव टाकू लागली.

सामन्याच्या दिवशी साहेब म्हणाले, "बाई, या वेळी हरलो तर संघ बंद. वरून तसा कागद आलाय."

"तुम्ही निर्धास्त राहा."

समोर वीज कार्यालयाचे आठ धिप्पाड गडी. दोर ताणला गेला. पंचांनी सुरुवातीची शिट्टी फुंकली आणि पाणीपुरवठ्याच्या आठही जणांनी हसतमुखाने दोर सोडून दिला. पलीकडचे आठ एकमेकांच्या अंगावर उताणे पडले.

"अरे, सोडलात का?"

"शिट्टी झाली ना, बाई," संघातला भांडारपाल बिस्किटासाठी हात पुढे करून म्हणाला.

पहिली फेरी गेली. बाईंनी संघाला गोळा केलं. "ऐका. पंचांची शिट्टी म्हणजे शाबासकी नव्हे. ती झाली की ओढायचं."

"म्हणजे त्यांची खोटी, तुमची खरी?"

"दोन्ही खऱ्या. तुम्ही ओढा रे बाबांनो."

दुसऱ्या फेरीत त्यांनी जीव खाऊन ओढलं. पण विजेवाल्यांच्या पाठी ठणकत होत्या. पुन्हा आपटायला नको म्हणून शिट्टी होताच त्यांनीच दोर सोडला. आता पाणीपुरवठा उताणा. एक-एक बरोबरी.

तिसऱ्या फेरीला सोळाही जण कण्हत दोराला लागले. शिट्टी झाली आणि आपटायच्या धास्तीने दोन्हीकडून दोर सुटला. तो मधोमध मातीत पडून राहिला. पंचांनी पुन्हा फुंकलं. कोणी वाकेना. पंचांनी नियमांची पुस्तिका पुढून मागून चाळली आणि विजेत्यांची ढाल दोन्ही संघांना सहा-सहा महिने वाटून दिली.

"हरलो नाही हे खरं," साहेब डोकं खाजवत म्हणाले. "पण मग जिंकलो का?"

बाईंनाही ते उमगत नव्हतं. तेवढ्यात वीज कार्यालयाचा कप्तान लंगडत आला. आता हा भांडणार, म्हणून त्यांनी पदर खोचला.

"बाई," तो अदबीने म्हणाला, "आमच्या कोचना सहा वर्षांत आम्हाला काही शिकवता आलं नाही. तुम्ही एका फेरीत दोर सोडायला शिकवलंत. सोमवारपासून आमच्याकडे याल का?"

बाई काही बोलायच्या आत साहेब मध्ये आले.

"छे, छे. आमच्या बाई कुठेही जाणार नाहीत."