आप्पांचा मिठाचा चहा

आमच्या गल्लीतले आप्पा अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. ते विचारतात, "काय पावणं, तुमच्यात च्या कसा करत्यात?"

हा प्रश्न बँकेच्या रांगेत येतो, दवाखान्याच्या बाकावर येतो, सिग्नलला थांबलेल्या मोटारीच्या काचेतूनही येतो. समोरचा माणूस बाहेरचा आहे एवढं कळलं की पुरे. तो आधी गोंधळतो, मग हसतो, मग सांगायला लागतो. आप्पा खिशातून कागदाचा कपटा काढून लिहून घेतात. पाणी किती, पत्ती किती, दूध आधी की नंतर. शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. "आई करायची का बायको? दोघींचा च्या एक नसतो."

आठवड्याभरात त्या माणसाला निरोप जातो. तो येतो तेव्हा त्याच्या घरचा चहा तयार असतो.

मी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम करतो आणि आप्पांच्या समोरच्या घरात राहतो. इथे लिहितो आहे ते पाहिलेलं आहे.

आप्पांनी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत भट्टीवर आयुष्य काढलं. वितळलेलं लोखंड साच्यात कधी ओतायचं हे ते रंगावरून सांगायचे. पुढे तापमान मोजायचं यंत्र आलं. यंत्रावर आकडा उमटला की कामगार आप्पांकडे बघायचे, आकडा खरा आहे का म्हणून. निवृत्तीनंतर ती नजर चहाकडे वळली. चहा झाला का हे आप्पा चाखून बघत नाहीत. शेगडीसमोर स्टुलावर बसतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "झाला." झालेला असतो.

एटीएमवर पहारा करणारा एक आसामी माणूस होता. त्याच्या घरी बिनदुधाचा लाल चहा. दूध न घालता पाहुण्याला चहा द्यायचा या कल्पनेनं आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते. "लोक म्हणतील, आप्पाची म्हस मेली." पण केला. त्या माणसानं पहिला घोट उभ्यानं घेतला, दुसऱ्याला पायरीवर बसला आणि आईला व्हिडिओ कॉल लावून फोन आप्पांच्या हातात दिला. पलीकडच्या म्हातारीला मराठी येत नव्हती, आप्पांना आसामी येत नव्हती. तिनं आपला कप उचलून दाखवला. यांनी आपला उचलला. दोघं समोरासमोर चहा पीत बसले. कप संपेपर्यंत कुणीही एक शब्द बोललं नाही, आणि फोन बंद करावा असं कुणाला वाटलंही नाही. मी पाहिलेल्या सर्वांत नीट पार पडलेल्या मुलाखतींमध्ये मी ती धरतो.

एका इराणी विद्यार्थ्यानं खडीसाखर दातात धरून कोरा चहा प्यायला शिकवलं, त्या दिवशी आप्पांची कवळी खडीसाखरेला चिकटून बाहेर आली. स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईसाठी आप्पांनी तिच्या घरच्यासारखं चहात मीठ आणि लोणी घालून ताकाच्या रवीनं घुसळलं. तिनं एक घोट घेतला, खो खो हसली आणि रवीची दोरी आपल्या हातात घेऊन दुसरा चहा स्वतः केला. शेजारच्या मालतीकाकू दाराशी उभ्या होत्या. "दाजी, च्यात लोणी घातलासा? म्हशीला कळलं तर आटंल की ती!"

आप्पांच्या बायकोला, इंदूआक्कांना, मालतीकाकू थोरली बहीण मानत, म्हणून आप्पा त्यांचे दाजी. इंदूआक्का जाऊन पाच वर्षं झाली. हे चहाचं प्रकरण त्यानंतरचं.

एकच चहा आप्पांना साधत नव्हता. रशीदभाईंचा.

रशीदभाई काश्मीरचे. दर हिवाळ्यात शालींचं गाठोडं सायकलला बांधून कोल्हापूरभर फिरतात. इतकी वर्षं फिरले की "घ्या की वैनी, लई ऊब हाय," असं आमच्यासारखंच बोलतात. त्यांच्या घरी सकाळचा चहा मिठाचा असतो. हिरवी पत्ती चिमूटभर खायच्या सोड्याबरोबर तासभर उकळायची, वरून गार पाणी मारायचं, पळीनं उंचावरून ओतत राहायचं. पाणी लालभडक झालं की दूध आणि मीठ. रंग गुलाबी येतो. पत्ती ते स्वतः गावाहून आणून देत.

पहिल्या हिवाळ्यात आप्पांनी सोडा म्हणून पापडखार घातला. रंग शाईचा आला. दुसऱ्या हिवाळ्यात म्हशीच्या घट्ट दुधानं रंगच गिळला. तिसऱ्या हिवाळ्यात रंग साधला. कण्हेरीच्या फुलाचा असतो तो गुलाबी, पातेल्याच्या काठापासून काठापर्यंत एकसारखा. मी बराच वेळ बघत राहिलो. रशीदभाई "लई झ्याक," म्हणाले आणि कपात दोन घोट ठेवून उठले.

आप्पांनी ते दोन घोट पाहिले. "घरचा च्या असता तर तळ दिसला असता."

यंदा रशीदभाईंनी सांगितलं की गुडघे चालत नाहीत, मुलगा आता पाठवणार नाही, हा शेवटचा हिवाळा. मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं. आप्पांचं जेवण कमी झालं. "माणूस इतकी वर्सं आपल्या गावात राबला," ते म्हणाले, "आणि घरचा च्या काय मिळाला न्हाय. एकदा तळ दाखवून जाऊ दे. मग माझं काय म्हणणं न्हाय."

मी रशीदभाईंना कोपऱ्यावर गाठून विचारलं, कमी काय पडतं? ते सांगेनात. "आप्पा एवढा जीव लावून करत्यात. त्यात खोट काढू? मला पाप लागंल." मी थांबून राहिलो. धंद्यातली सवय आहे, गप्प राहिलं की माणूस बोलतो. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "गोड लागतो ओ."

रविवारी सकाळी आप्पा सराव करत होते. मी शेजारी बसलो आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. पत्ती, सोडा, गार पाणी, सगळं बिनचूक. दूध पडलं, मीठ पडलं. मग डावा हात आपसूक मागे गेला, फळीवरचा डबा उघडला, गुळाचा खडा पातेल्यात सोडला आणि डबा लावून जागेवर आला. नजर रंगावरून हललीही नाही.

"आप्पा, गूळ घातलात."

"कोण, मी?"

"आत्ता."

"काय बोलताय! मिठाच्या च्यात गूळ घालायला मी काय खुळा हाय व्हय?"

मी त्यांचा हात धरून पुढे केला. दोन बोटांना गूळ चिकटला होता. आप्पा बोटांकडे बघत राहिले. तिबेटी बाई का हसली होती ते मला त्या क्षणी समजलं.

मालतीकाकू दूध घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"हिला शुगर हुती," आप्पा म्हणाले. बोलणं आम्हाला होतं, बघणं बोटांकडे. "डॉक्टर म्हणालं, गोड बंद. मी बंद म्हणजे बंद केलं. सात वर्सं. भट्टीवर कधी चूक केली न्हाय, घरात करतो व्हय? शेवटी दवाखान्यात म्हणाली, आज जरा गोड करून आणा की. मी म्हटलं, बरी हो, मग देतो." त्यांनी गुळाची बोटं एकमेकांवर घासली. "तवापास्नं बिनगोडाचा च्या कुणाफुडं ठेवायचा म्हटलं की हात ऐकत नसंल. मला तर ठावंच न्हाय बघा."

मालतीकाकूंनी दुधाचं भांडं कट्ट्यावर ठेवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"दाजी, एक सांगू? चिडायचं न्हाय."

"बोल."

"आक्का रोज तीन वाजता माझ्याकडं यायची. च्याला. दोन चमचे साखर घालून."

आप्पांनी मान वर केली.

"मी एकच घालाय बघायची. तर म्हणायची, मालती, घाल की गं, तुझ्या बाच्या कारखान्याची हाय व्हय साखर? तुम्हाला सांगायचा धीर झाला न्हाय. वाटायचं, दाजी म्हणतील, मालतीनंच मारली."

"रोज?"

"रोज. गणपतीत दोनदा."

"सात वर्सं?"

"सात वर्सं, दाजी."

पातेलं उतू गेलं. कुणी हललं नाही, म्हणून मी गॅस बंद केला. मालतीकाकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, निकाल ऐकायला आल्यासारख्या. आप्पा उठले, नळाखाली बोटं धुतली, पंच्याला पुसली. पातेल्यातला सगळा चहा मोरीत ओतला आणि पत्तीचा पुडा पुन्हा उघडला.

"मालती," ते पाठमोरे म्हणाले, "दूध जरा पातळ कर. मंगळवारी असंच पायजे."

मंगळवारी रशीदभाई गाठोडं दारात ठेवून आत आले. मालतीकाकूंनी खारी आणली होती. आप्पा स्टुलावर बसले. दूध पडलं, मीठ पडलं, आणि डावा हात उचलला गेला. तो अर्ध्यावर थांबला. आप्पांनी त्याच्याकडे मान वळवून बघितलं आणि गुडघ्यावर दाबून ठेवला. डोळे बारीक केले.

"झाला."

रशीदभाईंनी पहिला घोट घेतला आणि काहीतरी पुटपुटले. ते काश्मिरीत होतं. इतक्या वर्षांत त्यांची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. मग त्यांनी घाई केली नाही. शेवटच्या घोटानंतर खारीच्या तुकड्यानं कप आतून पुसला, तुकडा तोंडात टाकला आणि कप पुढे धरला. "झ्याक" म्हणाले नाहीत.

आप्पांनी कपाच्या तळाशी वाकून पाहिलं. मग दुसरा भरला आणि स्वतःसाठीही थोडा ओतला. चार हिवाळ्यांत त्यांनी तो पहिल्यांदाच चाखला.

"आयला," ते म्हणाले, "खारट हाय की ओ हे!"

रशीदभाई हसता हसता डोळे पुसू लागले. जाताना त्यांनी आप्पांना मिठी मारली, गाठोडं उचललं आणि रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत आम्ही तिघं दारात होतो.

आत येऊन मालतीकाकू कपबश्या गोळा करायला लागल्या. आप्पा स्टुलावरच बसले होते.

"मालती," ते म्हणाले, "तीन वाजता बसायचा न्हवं दोघी. तवा ही काय बोलायची?"

मालतीकाकूंनी आप्पांकडे बघितलं. हातातल्या कपबश्या परत खाली ठेवल्या आणि पाट ओढून बसल्या.

"सात वर्सांचं हाय, दाजी. येळ हाय का तुम्हाला?"

"येळच हाय की," आप्पा म्हणाले.