श्रोता बटण फिरवतो

आमच्या गल्लीतले कासारेकाका गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. सगळे म्हणजे साळवीभाऊ सोडून. उभे तेही होते, पण माईक त्यांच्या हातात होता. दहा-बारा सेकंद गेले असतील नसतील, त्यांचा तो साजूक तुपातला आवाज मंडपभर पसरला, "आपण सर्वजण शांत उभे आहोत..." आम्ही डोळे मिटलेलेच. थोड्या वेळानं, "शांतता अजून सुरू आहे..." मग रस्त्यावरून एक मिनीडोर खडखडत गेली, तर तिलाही त्यांनी सोडलं नाही. "बाहेरून वाहन गेलं आहे. तरीही आपण शांतच आहोत." काकांचा मुलगा खाली मान घालून हुंदके देत होता असं मला वाटलं. नंतर कळलं, हसू दाबत होता.

मी त्यांना बाजूला गाठून म्हटलं, "भाऊ, दोन मिनिटं गप्प राहवत नाही का हो तुम्हाला?"

"ताई, हवा रिकामी सोडायची नाय. श्रोता बटण फिरवतो."

"कासारेकाका आता कुठलं बटण फिरवणार होते?"

यावर ते क्षणभर थांबले. त्यांना थांबवल्याचं समाधान मला आयुष्यात तेवढंच मिळालं होतं.

मुरलीधर साळवी मूळचे दासगावचे. अख्खी नोकरी मुंबईत रेडिओवर निवेदक म्हणून केली आणि निवृत्त होऊन महाडात आले, ते नेमके माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांमधून ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेली बाई. पोलादपूरची शेवटची शाळा सोडली तेव्हा ठरवलं होतं, आता कुणाला ऐकवायचं नाही आणि कुणाचं ऐकायचंही नाही. पण घसा रिटायर होतो हो, कानांना कोण रिटायर करतंय?

रेडिओत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणे त्यांना ठसका लागला, आणि सावरेपर्यंत हवेत काहीच गेलं नाही. साहेबांनी मेमो दिला. तेव्हापासून या माणसानं शांततेचा जो धसका घेतला, तो घेतलाच. पुढे शेतीच्या कार्यक्रमात त्यांनी कुडपणच्या एका शेतकऱ्याची मुलाखत घेतली होती. ती हकीगत तेच मोठ्या कौतुकानं सांगतात. "यंदा नाचणीला काय अडचण आली?" असं यांनी विचारलं. तो डोंगरावरचा माणूस, विचार करून बोलणारा. त्यानं नुसता घसा खाकरला, तेवढ्यात साळवींनी अडचण सांगितली, उपाय सांगितला आणि त्याच्या वतीनं श्रोत्यांचे आभारही मानले. शेवटी तो बिचारा म्हणाला, "बरोबर हाय." झाली मुलाखत.

मध्यंतरी टीव्हीवरही बोलावणं आलं होतं. तिथं फार टिकले नाहीत. तिथला दिग्दर्शक म्हणायचा, "सर, जरा चित्राला बोलू द्या." साळवी त्याच्यावर अजून चिडून आहेत. "भाताचं खाचर कधी बोललंय का, ताई? मी नाय बोललो तर बोलणार कोण?"

सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की आमच्या गल्लीत कुणाला श्वास घ्यायला सवड नसते. गाद्या, मिक्सर, तांदळाची पिंपं, सगळं वरच्या मजल्यावर न्यायचं. साळवी मात्र जिन्यात कठड्याला टेकून उभे. "पाणी आता पहिल्या पायरीला लागलं आहे. शेजारच्या ताई गादी घेऊन वर येत आहेत. ताई थकलेल्या दिसतात." दिसणारच! गादी काय स्वतःच्या पायांनी चालत येते?

त्यांना गप्प करणारं माणूस जगात एकच, त्यांची बायको. शेवंतावहिनी. माहेर तुडीलचं, बोलणं मोजकं. त्या दिवशी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन जिना चढता चढता त्या नवऱ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आदी ह्यो डबा धरा, मंग बोला." साळवींनी डबा धरला आणि वर पोचेपर्यंत खरंच चकार शब्द काढला नाही. मी गादीवर बसून बघतच राहिले.

गेल्या वर्षी वहिनींना लकवा मारला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, बोलणं मात्र गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठाशी येऊन अडायचा. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी साळवींना समोर बसवून बजावलं, शब्द तुम्ही पुरवायचा नाही. त्यांना शोधू द्या. कितीही वेळ लागला तरी थांबायचं. तुम्हीच बोलत राहिलात तर त्या प्रयत्न सोडतील, आणि मग बोलणं परत येणार नाही.

सांगितलं कुणाला, तर साळवींना! म्हणजे माशाला सांगायचं, बाबा रे, पोहू नकोस.

पहिले काही दिवस भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. वहिनींचं "च... च..." आणि लगेच यांचं, "चहा? चादर? चष्मा? चटणी? चालायचंय?" एकदा वाटी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनींचं रडणं. माझ्यानं राहवेना. तडक त्यांच्याकडे गेले आणि तोंडावर सांगितलं, "भाऊ, तुम्ही त्यांची मुलाखत घेताय. तो कुडपणचा माणूस निदान सुटून आपल्या घरी गेला. ह्या कुठं जाणार?"

ते मटकन खाली बसले.  

आणि त्यानंतर माझे हाल सुरू झाले. वहिनींना मालीश करायला रोज सकाळी एक बाई येते. तेवढ्या वेळात साळवी माझ्या दारात. "जयभीम, ताई!" म्हणून जे सुरू होतं, ते ती बाई निघेपर्यंत. हवामान, हायवेचं काम, बोंबलांचा भाव, गल्लीतल्या कुत्रीची तीन पिढ्यांची वंशावळ. मी भाजी निवडतेय, "हं, हं" करतेय. एकदा तर मी आत जाऊन कपडे वाळत घालून आले, यांचं आपलं दाराच्या कडीला उद्देशून चालूच. देवमाणूस, पण वीट आणतो हो!

एक दिवस मी हातच जोडले. "भाऊ, दया करा माझ्यावर. घरी बोलायला काहीतरी पोटात शिल्लक ठेवा की!"

साळवी एकदम हळू आवाजात म्हणाले, "तेच नको ना, ताई. सगळं इथं ओतून जातो. आत काही उरलं नाय, तरच घरी गप्प बसायला जमतं. नायतर तिचा शब्द माझ्याच तोंडातून निसटतो."

  दुसऱ्या दिवसापासून मी दारात त्यांच्यासाठी खुर्ची मांडायला लागले. त्यानं वैताग कमी झाला असं मुळीच नाही. कान तेवढेच दुखायचे.

परवा मी ताटलीत गरम घावणे घेऊन त्यांच्याकडे गेले. साळवींनी दार उघडलं आणि न बोलता परत वहिनींच्या समोर जाऊन बसले. मला बघून वहिनींचा चेहरा फुलला. त्यांनी चांगला हात खुर्चीकडे केला आणि ओठ हलले, "ब..."

लहान मुलाला कळलं असतं, त्या मला बसा म्हणत होत्या. मी टेकणार, तेवढ्यात साळवींनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मी तशीच सरळ उभी राहिले. पाहुण्याला घरधनीण बस म्हणत नाही तोवर बसायचं नाही, एवढं मलाही कळतं. "बसते हं वहिनी" हे शब्द अगदी जिभेवर आलेले. फळ्यापाशी मूल अडलं की मास्तरीण हटकून पुढचा शब्द सांगते, ती सवय काय मरतेय थोडीच? मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"ब... ब..."

ताटली हाताला चटके देत होती. आतून दूध उतू गेल्याचा वास आला. साळवी हलले नाहीत. त्यांचे स्वतःचे ओठ त्या "ब"वर जुळले होते, म्हणून त्यांनी तोंडावर तळहात दाबून धरला. मानेची शीर टरारून आली होती. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली आणि मला वाटलं, संपलं, सोडला त्यांनी नाद. जीव नुसता तुटत होता माझा. पण साळवी तसेच वहिनींच्या तोंडाकडे बघत बसून होते.

वहिनींनी मान परत वळवली.

"ब... बस." मोठा श्वास. "बस गो, बाय."

मी बसले.  वहिनी अर्ध्या तोंडानं हसत होत्या.

साळवी उठले आणि एक शब्दही न बोलता स्वयंपाकघरात गेले. मग आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. नळ सुटला, पातेली खणखणली, झाकणं आदळली. उतू गेलेलं दूध पुसायला एवढी भांडी लागत नाहीत. मधेच त्यांनी जोरात नाक शिंकरलं आणि पुन्हा पातेली वाजवायला घेतली. मी वहिनींचा हात हातात घेतला, आणि आम्ही दोघी ते ऐकत बसून राहिलो.